मासा पाण्यातच सुटला पाहिजे

बाय, एप्रिलात तू हिमाचलमधल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात जाते आहेस, गुशैणीला राहणार आहेस आणि सोबत गरवायची काठी नेणार आहेस, हे ताईकडून कळलं. लहान ट्राउट लागला तर परत सोडायचा, असंही तू ठरवलं आहेस म्हणे. फार चांगलं केलंस. पण मासा सोडणं हे मासा धरण्याइतकंच शिकावं लागतं आणि ते सहसा कुणी शिकवत नाही. हातातून निसटलेला मासा शेपटी मारून खोल पाण्यात गेला की माणसाला वाटतं, वाचला. तो दगडाआड जाऊन रात्रीपर्यंत मरतो, किंवा पंधरा दिवसांनी अंगावर बुरशी चढून मरतो, ते काठावरून दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तो जिवंत असेल तरच तू त्याला सोडलंस, एवढं मनाशी पक्कं धर. पुढचं सगळं त्यासाठीच सांगतो आहे.

मला हे बंजारकडच्या एका वयस्क गृहस्थांनी शिकवलं. मी कुल्लू जिल्ह्यात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. मत्स्यखात्यात नदीची राखण करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मी देवगडच्या खाडीत गरवत वाढलो. पण खाडीतला मासा आपण कालवणासाठीच काढतो, त्यामुळे जिवंत परत करायची विद्या मला त्यांच्याकडूनच मिळाली. त्यांनी ती त्यांच्या वडिलांकडून घेतली होती. आता तू घे.

आधी हा मासा ओळख. तीर्थनमध्ये मुख्यतः ब्राउन ट्राउट आहे: पिवळसर-तपकिरी अंग, त्यावर काळे आणि लाल ठिपके, लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं. अंगावर गुलाबी पट्टा दिसला तर तो रेनबो, बहुधा एखाद्या मत्स्यशेतीच्या टाकीतून निसटून नदीत आलेला. हे दोन्ही मासे मूळचे इथले नव्हेत. ब्राउन ट्राउटची अंडी ब्रिटनमधून काश्मीरला आणली गेली. १८९९ मधली पहिली खेप वाटेतच मेली, १९०० मधली जगली. तिथून १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कुल्लूत आणून ब्यासकाठच्या महिलीला अंडी उबवण्याचं केंद्र काढलं. पुढे मासा स्वतःच नद्यांमध्ये वीण घालू लागला आणि तीर्थन, सैंज, ऊहल या नद्यांमध्ये रुजला. खोऱ्यातल्या लोकांनी तीर्थनवरचे जलविद्युत प्रकल्प अडवले तेव्हा त्यांच्या बाजूने जी कारणं मांडली गेली त्यांत ट्राउटचं पाणी हेही होतं.

इथला खरा भूमिपुत्र गुगली. चंदेरी, बारीक खवल्यांचा, खाली वळलेल्या तोंडाचा, दगडांवरचं शेवाळ खरवडून खाणारा. इंग्रजीत त्याला स्नो ट्राउट म्हणत असले तरी तो ट्राउटच्या कुळातला नाही. आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला आहे. धरणं, वाळू-दगडांचा उपसा, जाळी, सुरुंग आणि हा पाहुणा ट्राउट, या सगळ्यांमुळे तो कमी झाला आहे आणि जगभरच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. तो गळाला लागला तर कितीही मोठा असो, परत सोड. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मग परदेशी ट्राउटची एवढी काळजी कशाला, असं तुला कुणी विचारेल. माझं उत्तर असं: तो त्या नदीत शंभराहून अधिक वर्षं आहे, खोऱ्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते, आणि माणूस ट्राउटसाठी नदी राखतो तेव्हा गुगलीचं पाणीही राखलं जातं. शिवाय ज्या जीवाला आपण मारणार नाही असं ठरवलं, त्याला निष्काळजीपणाने मारण्याचा आपल्याला काहीच अधिकार नाही.

लहान ट्राउट कसा ओळखायचा? वीतभराच्या आतला आणि कुशीवर करड्या-निळसर डागांची ओळ असलेला, जणू कुणी ओल्या बोटांचे ठसे उमटवले आहेत असा, तो बहुधा पोरच. मोठा होताना ते डाग पुसट होत जातात. ट्राउट साधारण दोन-तीन वर्षांचा झाल्यावर वीण घालतो. त्याआधी मारलेल्या माशाने नदीला काहीच परत दिलेलं नसतं. मात्र वरच्या अरुंद, थंड नाल्यांत अन्न कमी असल्याने तीन-चार वर्षांचा पुरता वाढलेला मासाही वीतभरच असतो. तिथे लहान म्हणजे पोर असा हिशेब चुकतो. तिथे सगळेच सोड.

आता कामाचं. सोडण्याची निम्मी तयारी घरी होते.

गळाच्या टोकाजवळ आतल्या बाजूला जो उलटा काटा असतो, तो मासा निसटू नये म्हणून असतो. सोडायचा मासा धरताना तोच आपला वैरी. बारीक तोंडाच्या पकडीने तो काटा दाबून सपाट कर. दाबल्यावर गळ सुती कापडात खुपसून ओढून बघ. कापडाचा धागा अडकला तर काटा अजून शिल्लक आहे. काटा दाबलेल्या गळाने मासे निसटतात, असं म्हणणारे तुला भेटतील. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ताणलेला ठेवलास तर क्वचितच निसटतात. आणि निसटला तरी काय बिघडलं? तू तो सोडणारच होतीस.

बाजारात स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याची नकली आमिषं, मिळतात त्यांना बहुतेक तीन तोंडांचा गळ असतो. वीतभर माशाच्या तोंडात ती तिन्ही तोंडं गेली की एक जबड्यात, एक डोळ्याजवळ आणि एक तुझ्या बोटात, अशी गत होते. तो गळ काढून त्या जागी एकेरी गळ लाव. ते जमत नसेल तर पकडीने दोन तोंडं छाटून टाक. स्टेनलेस स्टीलचे गळ घेऊ नकोस, साधे घे. साधा गळ कधी माशाच्या आत राहिलाच तर कालांतराने गंजून झिजतो, स्टेनलेस तसाच राहतो.

खऱ्या आमिषाचा मोह टाळ. गांडूळ किंवा कणकेची गोळी मासा गिळतो, चावत नाही. गळ थेट घशात किंवा पोटात जातो. फ्लाय, म्हणजे पिसांचा नकली किडा, किंवा स्पिनर तो तोंडानेच धरतो, त्यामुळे गळ ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. अमेरिकेत झालेल्या अनेक पाहण्यांचा आढावा वायडॉस्की नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये घेतला होता. खऱ्या आमिषाने धरून सोडलेल्यांपैकी सुमारे २५ टक्के ट्राउट मेले, स्पिनरसारख्या कृत्रिम आमिषाने सुमारे ६ टक्के आणि फ्लायने सुमारे ४ टक्के. म्हणजे नदीवर पाऊल ठेवण्याआधी, गळाला काय लावायचं एवढं ठरवूनच तू बरेचसे मासे वाचवलेले असतेस. शिवाय बहुतेक ट्राउटच्या पाण्यात परवाना कोणत्या साधनाचा आहे हेही पाहिलं जातं. परवाना काढतानाच ते विचारून घे.

तंगूस फार बारीक नको. बारीक तंगुसावर मासा हळूहळू दमवत आणावा लागतो आणि या दमण्यातच त्याचा घात होतो. गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने पळतो तेव्हा त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, रक्त आम्लधर्मी होतं. तो निरोगी असेल आणि पाणी थंड असेल तरी पूर्ववत व्हायला कित्येक तास लागतात. जितका जास्त वेळ खेळवशील तितकं हे वाढत जातं. लहान मासा तर मिनिटभरही खेळवायची गरज नाही. काठी आडवी धर, तंगूस ताणून त्याला प्रवाहाच्या बाजूला, संथ पाण्यात वळव आणि सरळ जवळ घे. काठीवर नाचवत फोटोची वाट बघणारे लोक तू पाहशील. त्यांचं बघून शिकू नकोस.

हातजाळी घेणार असशील तर रबराच्या जाळीची घे. सुताच्या किंवा नायलॉनच्या गाठी मारलेल्या जाळीने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो, पर फाटतात. गळ काढायचा चिमटा गळ्यात दोरीने अडकवून ठेव. खिशात, पिशवीत, डब्यात शोधत बसण्यात जे अर्धं मिनिट जातं ते माशाचं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि चाचा दर वेळी पहिल्यांदा हेच सांगायचे: लहान माशाला हातच लावायचा नाही.

हे कसं साधायचं ते नीट वाच. मासा गुडघाभर संथ पाण्यात जवळ आला की काठी काखेत धर किंवा मागे खांद्यावर टेकव. मोकळ्या हाताने तंगूस पकड आणि बोटं तंगुसावरून खाली सरकवत गळापर्यंत ने. गळाचा दांडा अंगठा आणि तर्जनीत धर, किंवा चिमट्याने पकड. आता हात वर उचलू नकोस. मनगट उलटं फिरव, म्हणजे गळ ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने मागे येईल. काटा दाबलेला असेल तर माशाच्या स्वतःच्या हिसक्यानेच तो सुटतो. मासा पाण्याबाहेर आलाच नाही, तुझी त्वचा त्याला लागली नाही, आणि या सगळ्याला चार-पाच सेकंदही लागले नाहीत. पहिल्या दिवशी जमलं नाही तर घाबरू नकोस. संध्याकाळी खोलीत बादलीभर पाण्यात ओलं फडकं घेऊन त्यात गळ टोचून काढण्याचा सराव कर. हाताला सवय लागली की डोळे मिटूनही येतं.

माशाला हात का लावायचा नाही, ते समजून घे, म्हणजे कंटाळा आला तरी मोडणार नाहीस. माशाच्या अंगावरचा तो बुळबुळीत थर म्हणजे त्याचं चिलखत. पाण्यातली बुरशी आणि जिवाणू त्यामुळे आत शिरत नाहीत. कोरड्या हाताने धरलं की तळव्याच्या आकाराचा तो थर निघून येतो. पुढे तिथे कापसासारखी पांढरी बुरशी धरते आणि मासा हळूहळू मरतो. नदीत कधी अंगावर पांढरा चट्टा असलेला मासा दिसला तर कधीकधी त्यामागे कुणाचा तरी कोरडा हात असतो. तुझा हात कोरडा नसला तरी उन्हाचं मलम, डास पळवणारी क्रीम, सॅनिटायझर यांनी तेच होतं. नदीत उतरण्याआधी तळवे वाळूने घासून धुऊन टाक.

तरीही कधी धरावंच लागतं. गळ आडवा बसला असेल, मासा तंगुसात गुरफटला असेल. तेव्हा आधी दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडव आणि थंड होऊ दे. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली उघडा, नुसता आधार म्हणून. मूठ आवळायची नाही. माशाचं हृदय कल्ल्यांच्या लगेच मागे, छातीच्या परांच्या मध्ये, अगदी खालच्या बाजूला असतं. तिथे दाबलंस तर लहान मासा हातातच जातो आणि बाहेरून काही दिसतही नाही. कल्ल्यात बोट घालायचं नाही. कल्ल्यांची ती लाल पिसं म्हणजे त्याची फुप्फुसं, एक जरी तुटलं तरी रक्त थांबत नाही. खाडीवर आपण तांबोशी कल्ल्याला बोट अडकवून उचलतो, ती सवय तिथे विसर. मासा फार धडपडत असेल तर पाण्यातच हलकेच पोट वर करून धर. बहुतेक मासे असे उलटे झाले की क्षणभर शांत होतात आणि तेवढ्यात गळ काढून होतो.

हवेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यातही पुष्कळ मासे मरतात. पाण्यात माशाचे कल्ले पंख्यासारखे मोकळे असतात, मधून पाणी वाहतं आणि प्राणवायू रक्तात जातो. हवेत काढलं की ते पडदे एकमेकांना चिकटतात आणि श्वास जवळजवळ बंद पडतो. धावून दमलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबावं, तसं आहे ते. फर्ग्युसन आणि टफ्ट्स या दोन कॅनेडियन संशोधकांनी १९९२ मध्ये रेनबो ट्राउटवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मासे पाण्यात पळवून दमवले, हवेत काढलेच नाहीत, तर १२ तासांनी ८८ टक्के जिवंत होते. दमवून ३० सेकंद हवेत ठेवले, तर ६२ टक्के. दमवून पूर्ण एक मिनिट ठेवले, तर फक्त २८ टक्के. ते प्रयोगशाळेतले मासे होते, त्यांच्या रक्तवाहिनीत नळी बसवलेली होती, त्यामुळे नदीत आकडे इतके वाईट येत नाहीत. पण घसरण कोणत्या दिशेला आणि किती वेगाने आहे, ते यातून स्पष्ट दिसतं. एक मिनिट म्हणजे काय? मोबाइल काढायचा, कुलूप उघडायचं, कुणाला तरी धरायला द्यायचा, तो म्हणतो जरा इकडे वळ, मग दुसरा फोटो. मिनिट कधी संपलं ते कळतही नाही.

चाचांचा नियम साधा होता. मासा पाण्याबाहेर काढताना स्वतः श्वास रोखून धरायचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की त्याला पाण्यात ठेवायचा. मी तुला याहून कडक सांगतो. लहान माशाचा फोटो काढूच नकोस. काढायचाच असेल तर मासा पाण्यात असतानाच, वरून, दुसऱ्या कुणी काढावा. स्वच्छ पाण्यातल्या ट्राउटचे ठिपके हातातल्यापेक्षा पाण्यातच अधिक सुंदर दिसतात. आणि वाळूवर, गवतावर, दगडावर, नावेच्या फळीवर मासा ठेवायचा नाही, क्षणभरही नाही. उन्हाने तापलेल्या दगडावर त्याची कातडी भाजते.

गळ घशात खोल गेला असेल तर तो काढायचा प्रयत्न करू नकोस. तिथे चिमटा घालून खेचलं की कल्ले आणि हृदय दोन्ही फाटतात. तंगूस तोंडाजवळ, शक्य तितका आखूड कापून टाक आणि मासा सोड. गळ आत ठेवून तंगूस कापलेले मासे, गळ ओढून काढलेल्या माशांपेक्षा कितीतरी अधिक जगतात. असं अनेक पाहण्या एकमताने सांगतात. काही महिन्यांत बरेच मासे तो गळ टाकूनही देतात. गळाची किंमत दहा-वीस रुपये. त्यासाठी जीव घ्यायचा नाही.

रक्त येत असेल तर? जबड्यातून थोडंसं रक्त आलं तर मासा वाचतो. कल्ल्यांतून लालभडक रक्त येत असेल तर त्याची आशा फार थोडी. मोठा मासा असेल आणि परवान्यात बसत असेल तर तो दगडाने डोक्यावर मारून लगेच संपव आणि खा, वाया घालवू नकोस. पण मासा ठरवून दिलेल्या मापापेक्षा लहान असेल तर कायद्याने तो ठेवता येत नाही. तो पाण्यातच सोड. मेला तरी खेकडा, पाणमांजर अशा कुणाच्या तरी पोटात जाईल. त्यानंतर त्या दिवशी गळ बदल किंवा जागा बदल, पण तेच परत करू नकोस.

दमलेला मासा हातातून लगेच निघत नसेल तर घाई करू नकोस. शांत पण वाहत्या पाण्यात त्याचं तोंड प्रवाहाच्या समोर धर आणि खालून नुसता आधार दे. पाणी तोंडातून आत, कल्ल्यांतून बाहेर, असं आपोआप वाहू दे. पुष्कळ लोक माशाला पुढे-मागे करतात. ते करायचं नाही; मागे ओढलं की पाणी कल्ल्यांत उलट जातं. अगदी स्थिर डबक्यात नको, तिथे प्राणवायू कमी. अगदी पांढऱ्या उसळत्या पाण्यातही नको, तिथे त्याला उभं राहता येत नाही. कल्ले सारखे हलू लागले, मासा स्वतः सरळ राहू लागला आणि शेपटीने ढकलू लागला की हात खाली सोड. तो जाईल त्याच्या वाटेने. पोट वर करून पुन्हा तरंगला तर परत धर. पाच-दहा मिनिटं लागली तरी धर. माझ्या अनुभवात त्या वाट पाहण्यातच पुष्कळ जण परत येतात.

पाण्याचं तापमान हा सगळ्यांत दुर्लक्षिलेला भाग. ट्राउट थंड पाण्याचा मासा. १० अंश सेल्सियसला समुद्रसपाटीवर एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशाला सुमारे ९. आणि गुशैणीसारख्या दीड हजार मीटरवरच्या ठिकाणी हवा विरळ म्हणून त्याहूनही कमी. त्याच वेळी पाणी गरम झालं की माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते. १८ अंशाच्या वर गेलं की ट्राउटला गळाने पळवणं हे त्याच्यासाठी जीवावरचं दुखणं ठरू लागतं. २० अंशाच्या वर मी तर गळ टाकूच नये असं म्हणेन. एप्रिलमध्ये वरच्या तीर्थनला बर्फाचं पाणी असतं, तिथे ही अडचण नाही. पण खाली लारजीकडे, मे-जूनच्या दुपारी, पाणी उथळ असेल तिथे सांभाळ. एक साधा तापमापी दोरीला बांधून ने. सकाळ आणि संध्याकाळ गरव, दुपारी नदीकाठी झोप.

आता पायांबद्दल. हे फारच कमी लोक सांगतात. ब्राउन ट्राउट ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास वीण घालतो. मादी वाहत्या पाण्यातल्या स्वच्छ बारीक खड्यांत शेपटीने खळगा करते, अंडी घालते आणि खडे परत लोटते. थंड पाण्यात अंडी उबायला काही महिने लागतात आणि पिल्लं त्यानंतरही आणखी काही आठवडे खड्यांतच राहतात. म्हणून हिमाचलमध्ये नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते. मार्च संपला म्हणून सगळी पिल्लं बाहेर आली असं नव्हे. खळग्यांच्या शेजारी स्वच्छ, उजळ खड्यांचे पट्टे दिसले तर त्यांवर पाय ठेवू नकोस. मोठ्या दगडांवरून किंवा काठाने जा. एका पावलाखाली शेकडो पिल्लं चिरडली जाऊ शकतात, आणि तू वरचा एक मासा सांभाळून सोडत असतेस.

एकाच डोहात एकामागून एक लहानच मासे लागत असतील तर ती पोरांची जागा आहे असं समज. उथळ, संथ, काठाचा भाग त्यांचा असतो. तिथे दिवसभर तीच पोरं पुन्हापुन्हा धरून सोडण्यात काहीच शहाणपण नाही. खोल पाण्याकडे, मोठ्या दगडांच्या सावलीकडे जा. तिथे कमी लागतील, पण मोठे लागतील. चाचा डोह बदलायला सांगायचे तेव्हा कुणी म्हणालं, इथे तर चांगलं लागतंय, तर ते नुसते हसायचे आणि पुढे चालू लागायचे.

परवाना काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नकोस. मत्स्यखात्याकडून मिळतो, स्थानिक लोक सांगतील. किमान माप किती, एका दिवशी किती ठेवता येतात, कोणता पट्टा खुला आहे, ते परवान्यावर वाचून घे आणि जवळ फूटपट्टीची खूण केलेली काठी ठेव, म्हणजे मासा पाण्यातच मोजता येईल. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची हद्द गुशैणीपासून फार लांब नाही. २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेलं हे उद्यान आहे आणि राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला परवानगी नसते. कुणी वाटाड्या थोडं आत जाऊन टाकू म्हणाला तरी जाऊ नकोस.

घरी परतलीस की महाडजवळ सावित्री नदीच्या वाळणकोंडीला एकदा जाऊन ये. देवीच्या नावाने राखलेल्या त्या डोहात महाशीर निर्धास्त फिरतात, लोक त्यांना खाऊ घालतात, कुणी धरत नाही. लोणावळ्याला टाटा पॉवरने गेल्या पन्नासएक वर्षांत महाशीरची लाखो पिल्लं वाढवून नद्यांत सोडली आहेत. ट्राउट आपल्याकडे होणार नाही, आपलं पाणी त्याला गरम पडतं. पण वर सांगितलेलं जवळजवळ सगळं महाशीरलाही लागू पडतं, आणि आपल्या नद्यांत जिथे गळ टाकायला मुभा असेल तिथे महाशीर लागला तर त्याला हे सगळं नियमांसकट आठवून सोड. आपल्याकडचं पाणी तीर्थनपेक्षा कितीतरी गरम, म्हणून हवेतला वेळ आणखी कमी.

निघण्याच्या आदल्या रात्री गळांचा डबा उघड. एकेक गळ कापडात खुपसून बघ. ज्याचा काटा सपाट झालेला नाही तो घरीच ठेव, आणि चिमटा गळ्यात अडकवायच्या दोरीला बांधून घे.